एल्कचे शिंग तेल लावूनही पुन्हा पांढरे का पडते: कारण ओळखा, मगच हात लावा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. अमेरिकेतल्या वायोमिंग, मोंटाना किंवा कोलोराडो राज्यातून आणलेले, एल्क या मोठ्या हरणाचे गळलेले शिंग. आणले तेव्हा छान तपकिरी होते, भिंतीवर वर्ष-दोन वर्षांत फिकट पडले. कुणीतरी जवसाचे तेल चोळायला सांगितले. चोळले, आणि शिंग एकदम झकास दिसू लागले. दोन-तीन महिन्यांत पुन्हा पांढरट. पुन्हा तेल. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर शिंग चिकट होते, धूळ धरते, खाचांमध्ये काळपट पडते आणि उंचवट्यांवर मात्र पांढरे ते पांढरेच.

घोटाळा असा की दोन निराळ्या बिघाडांना आपण एकच नाव देतो. शिंगावरचा रंग उडणे हा एक बिघाड. शिंगाचा पृष्ठभागच झिजून भुकटी होणे हा दुसरा. पहिल्यावर रंग चढवता येतो. दुसऱ्यावर आधी शिंग घट्ट करावे लागते, नाहीतर रंग टिकत नाही आणि डाग पडतात. तेलाने दोन्ही झाकले जातात, बरे यातले एकही होत नाही.

रंग येतो कुठून

एल्कचे शिंग म्हणजे उघडे हाड. गाई-म्हशींच्या शिंगावर केराटिनचे, म्हणजे नखासारख्या पदार्थाचे, आवरण असते, तसे काही यावर नसते. वसंतात नवे शिंग फुटते तेव्हा त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली त्वचा असते, आणि वाढीच्या भरात ते दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटरही वाढू शकते. ऑगस्टच्या सुमारास मखमल सुकते आणि नर ती झाडाझुडपांवर घासून काढतो. आतून निघते ते शिंग पांढरटच असते, वर रक्ताचे ओघळ.

तपकिरी रंग चढतो तो त्यानंतर. लॉजपोल पाइन, फर, ॲस्पेन, विलो अशा झाडांवर नर शिंगे घासत राहतो. सालीतले टॅनिन, चीक, रक्त आणि माती हे सगळे शिंगावर बसते आणि हवेने काळवंडते. खरखरीत दाण्यांच्या मधल्या खाचांत रंग दाट बसतो. टोके जमिनीत आणि खोडांवर सतत घासली जाऊन हस्तिदंतासारखी गोरी राहतात. कुंपणात पाळलेल्या, घासायला झाड न मिळालेल्या एल्कची शिंगे म्हणूनच फिकट असतात. त्यांना ‘जुनी’ समजून लोक कमी भाव देतात, ते चूक आहे.

यातून कामाची गोष्ट एवढीच: रंग फक्त वरवर असतो. शिंग आडवे कापले तर तपकिरी रेघ कडेला जेमतेम दिसते, तिच्या आत घट्ट पांढरे हाड आणि मधोमध सच्छिद्र, करडा-तपकिरी गाभा. सँडपेपरचे चार हात फिरवले की पांढरे उघडे पडते. गरम साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवून ‘स्वच्छ’ केलेल्या शिंगाचा निम्मा रंग बादलीत जातो तोही याचमुळे.

गळल्यानंतर काय होते

रॉकी पर्वतरांगांत मोठ्या नरांची शिंगे मार्च-एप्रिलमध्ये गळतात, कोवळ्या नरांची थोडी उशिरा, काहींची मेपर्यंत. पेशी शिंग आणि कवटीच्या सांध्याचे हाड विरघळवतात आणि शिंग आपोआप सुटते. बुडाशी खडबडीत फुगवटा दिसतो, तोच तो सांधा. ताज्या शिंगाच्या फुगवट्यावर लालसर ओलसर ठिपके असतात.

त्यानंतर शिंगावर तीन गोष्टींचा मारा सुरू होतो. सूर्याचे अतिनील किरण रंगद्रव्य तोडतात आणि हाडातले कोलॅजनही तोडतात. शिंगात साधारण साठ टक्के खनिज असते, उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन आणि थोडे पाणी. कोलॅजन हे त्यातले चिवटपण. ते गेले की मागे ठिसूळ खनिज उरते. दुसरा मारा ओले-सुके होण्याचा: शिंग पाणी शोषून फुगते, सुकून आकसते, आणि बाहेरचा थर आतल्यापेक्षा लवकर हलत असल्याने लांबीच्या दिशेने बारीक भेगा पडतात. तिसरा गोठण्या-वितळण्याचा. भेगेत शिरलेले पाणी गोठून भेग रुंदावते.

व्यापारात याच क्रमाने प्रती ठरतात: तपकिरी, मग कडक पांढरे, मग खडू (हात लावला की भुकटी सुटणारे). भाव त्याच क्रमाने उतरतो. हाडांच्या झिजेसाठी जीवाश्मशास्त्रज्ञ ॲना बेहरेन्समायर यांनी १९७८ मध्ये केनियातल्या अंबोसेली परिसरातल्या निरीक्षणांवरून शून्य ते पाच अशा पायऱ्या मांडल्या: आधी भेग नाही, मग तंतूंच्या दिशेने भेगा, मग वरचा थर पापुद्र्यांनी सुटणे, मग खरखरीत तंतुमय पृष्ठभाग, आणि शेवटी जागेवरच तुकडे. त्या पायऱ्या सस्तन प्राण्यांच्या हाडांसाठी आहेत, पण शिंगाचा प्रवासही साधारण त्याच वाटेने होतो.

वेग मात्र जागेवर अवलंबून. दक्षिणेकडे तोंड असलेल्या, सेजब्रश या खुरट्या झुडपांच्या उघड्या उतारावर पडलेल्या शिंगाची वरची बाजू एका उन्हाळ्यात फिकी पडते. उत्तरेकडच्या उतारावर दाट झाडीत, जिथे बर्फ उशिरापर्यंत राहतो, तेच शिंग दोन वर्षांनीही तपकिरी सापडू शकते. वॉशिंग्टन-ओरेगनच्या दमट किनारी जंगलात ते पांढरे होण्याआधीच हिरवे होते. त्यामुळे ‘तपकिरी आहे म्हणजे याच वर्षीचे’ हा हिशेब कच्चा. शिंग उलटून पाहा. वरची आणि खालची बाजू सारख्याच रंगाची असेल आणि बुडाच्या फुगवट्याची छिद्रे स्वच्छ, कडा धारदार असतील तर ते ताजे. एक बाजू फिकी आणि दुसरी गडद असेल तर त्याने किमान एक उन्हाळा काढला आहे. बुडाच्या छिद्रांत माती, मुळे किंवा शेवाळ असेल तर त्याहून जास्त.

जॅक्सन, वायोमिंगच्या टाऊन स्क्वेअरमधल्या शिंगांच्या कमानींवर हे सगळे एकाच जागी बघायला मिळते. पहिली कमान १९५३ साली उभी राहिली. अशी चार प्रवेशद्वारे, प्रत्येकात सुमारे दोन हजार शिंगे. उन्हा-बर्फात काही दशके काढल्यावर जुनी शिंगे इतकी ठिसूळ झाली की कमानी उतरवून नव्या शिंगांनी पुन्हा बांधाव्या लागल्या. बागेच्या फाटकावर शिंग लावून ‘काय लावले म्हणजे कायम तपकिरी राहील’ असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आधी चार तपासण्या

दहा मिनिटांचे काम आहे. ते टाळले की पुढचे सगळे अंदाजपंचे होते.

पहिली, ओल्या फडक्याची. फिकट भागावर ओलसर सुती फडके फिरवा आणि ओले असतानाच बघा. तिथे तपकिरी रंग परत दिसला तर रंगद्रव्य अजून आहे, फक्त वर बारीक भेगांचा थर झाला आहे आणि तो प्रकाश विखरतो म्हणून पांढरे दिसते. ओले करूनही नुसते पिवळट-करडे झाले तर रंग खरोखर गेला आहे. तेलाची जादूही नेमकी हीच. तेल भेगा भरते, विखुरणे थांबते, रंग उजळतो. तेल आत मुरले किंवा हवेने बदलले की भेगा पुन्हा उघड्या आणि शिंग पुन्हा पांढरे.

दुसरी, थेंबाची. सुकल्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. चांगल्या पृष्ठभागावर तो मिनिटभर तरी टिकतो. खडू झालेल्या शिंगात लगेच मुरतो. एक सापळा: शिंगाला आधी तेल किंवा मेण लावले असेल तर खडूवरही थेंब टिकेल. म्हणून आधी एका कोपऱ्यात ॲसिटोनचा बोळा फिरवा. बोळा पिवळा-तपकिरी आणि चिकट आला तर तेल आहे, आणि थेंबाची तपासणी तिथे पुसून झाल्यावरच करा.

तिसरी, नखाची. नखाने ओरखडा काढा. पांढरी भुकटी नखाखाली आली तर तो खडू. नख नुसते घसरले तर कडक पांढरे.

चौथी, आवाजाची. लाकडी चमच्याने हलके ठोका. धडधाकट शिंग खणखणीत वाजते, आतून भेगाळलेले बद्द. ही तपासणी सरावाने जमते, पण वजनाची जोड दिली तर बरी. एकाच मापाच्या दोन शिंगांत जे हातात चटकन हलके लागते ते झिजलेले. मोठ्या सहा-फाट्यांच्या नराचे एक शिंग सहज तीन ते पाच किलो भरते.

तेल, मेण आणि चिकटपणा

आधीच तेल पाजलेले असेल तर ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. ताजे तेल मिनरल स्पिरिटने (रंगकामात पातळ करायला वापरतात ते द्रव) निघते: सुती फडके भिजवून, पिळून, बुडाकडून टोकाकडे पुसा आणि फडके वारंवार बदला. सहा महिन्यांहून जुने जवसाचे तेल हवेने जाळीदार घट्ट झालेले असते. ते मिनरल स्पिरिटला दाद देत नाही. तिथे ॲसिटोन आणि जुना मऊ टूथब्रश, खिडक्या उघड्या, जवळपास गॅस किंवा गीझरची सतत पेटती पायलट ज्योत नाही. सगळे निघणार नाही. आत मुरलेले राहते, आणि ते राहिले तिथे नवा रंग कमी चढतो हे गृहीत धरा. खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल घट्ट होत नाही, त्यामुळे ते निघते बरे, पण तोवर धूळ आणि बुरशी दोघांनाही आमंत्रण देते.

जवसाच्या तेलाची फडकी चोळामोळा करून डब्यात टाकू नका. ती सुकताना तापतात आणि स्वतःहून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

यापुढे चकाकी हवी असेल तर बिनरंगी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या, वीस मिनिटांनी मऊ फडक्याने घासा. मेण तेलाइतके आत मुरत नाही आणि मिनरल स्पिरिटने परत काढता येते. पण ते ऊन अडवत नाही. ‘मेण लावले म्हणजे आता खिडकीत चालेल’ असे काही नाही.

घरातल्या भिंतीवर फिकट पडणे

इथे रोग सोपा असतो, जागा चुकलेली असते. खिडकीची काच अतिनील किरणांचा आखूड लहरींचा भाग अडवते, लांब लहरींचा बराचसा आत सोडते. दक्षिण किंवा पश्चिम खिडकीसमोरच्या भिंतीवर रोज काही तास थेट ऊन पडत असेल तर शिंगाची तेवढीच बाजू फिकी होते. शिंग उतरवून मागची बाजू बघा. ती गडद असेल तर निदान पक्के.

उपाय क्रमाने: जागा बदला. ते जमत नसेल तर काचेला अतिनीलरोधक फिल्म, आणि दुपारी पडदा. फिल्मने वेग कमी होतो, थांबत नाही, कारण दिसणारा प्रकाशही रंग उडवतो. शिंगावर रोखलेला हॅलोजन दिवा असेल तर तो काढून एलईडी लावा; हॅलोजन तापवतोही. संग्रहालये नुसत्या हाडा-शिंगाला साधारण २०० लक्स (उजेडाचे माप) चालवून घेतात, रंगवलेल्या नाजूक वस्तूंना ५० च्या आसपास. शिंगाचा रंग हा वरून चढलेलाच असल्याने दुसरा आकडा धरलेला बरा.

कडक पांढऱ्या शिंगावर पुन्हा रंग

थेंब टिकतो, नखाखाली भुकटी नाही, ओले करूनही तपकिरी दिसत नाही: हे शिंग रंगवायला सर्वांत योग्य. शिकारीच्या ट्रॉफी तयार करणारे कारागीर यासाठी पोटॅशियम परमँगनेट वापरतात, आपल्याकडे विहिरीच्या पाण्यात टाकतात तेच जांभळे स्फटिक.

आधी ॲसिटोनने पूर्ण पुसून तेल-मेण काढा आणि शिंग किमान एक रात्र उघड्या हवेत ठेवा. ही रात्र सोडू नका: परमँगनेट जोरदार ऑक्सिडायझर आहे, म्हणजे जळणाऱ्या पदार्थाला पेटवू शकते, म्हणून ते ॲसिटोन, अल्कोहोल, ग्लिसरीन किंवा तेलाशी गाठ पडू देऊ नये. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, आणि अंगावर टाकाऊ कपडे. डाग कातडीवर काही दिवस राहतो, कपड्यावरचा साध्या धुण्याने जात नाही.

एक लिटर कोमट पाण्यात पाच ग्रॅम. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात, धातूच्या नव्हे. स्फटिक पूर्ण विरघळू द्या. न विरघळलेला एक कणसुद्धा शिंगावर काळा ठिपका सोडतो. ब्रश कृत्रिम केसांचा. हे द्रावण नैसर्गिक केसांचा ब्रश खाऊन टाकते. पातळ हात द्या, लगेच जांभळे दिसेल. घाबरून पुसू नका. काही मिनिटांत जांभळे जाऊन तपकिरी येते, कारण परमँगनेटचे रूपांतर मँगनीज डायऑक्साइडमध्ये होते आणि तोच तपकिरी रंग. पाच-दहा मिनिटे थांबून रंग बघा, मग दुसरा हात. तीन पातळ हात एका दाट हातापेक्षा केव्हाही चांगले.

बिघडते ते इथे:

ठिपके-ठिपके किंवा न रंगलेली बेटे दिसली तर तिथे तेल राहिले होते. सुकू द्या, परमँगनेट पूर्ण तपकिरी झाल्याची खात्री करा, पाण्याने पुसा, वाळवा, मगच त्या भागावर ॲसिटोन.

रंग फार गडद झाला तर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम व्हिटॅमिन सी विरघळवून कापसाने तेवढ्याच जागी लावा. तपकिरी काही सेकंदांत उतरते. ते आम्ल आहे आणि हाडातले खनिज विरघळवते, म्हणून अर्ध्या मिनिटात साध्या पाण्याने दोनदा पुसा. लिंबू चोळत बसू नका, कारण त्यात किती आम्ल गेले याचा हिशेब राहत नाही.

सगळे शिंग एकसारख्या चॉकलेटी रंगाचे, खेळण्यातल्यासारखे दिसते ही सर्वांत सामान्य चूक. खऱ्या शिंगावर बुडाकडे आणि दाण्यांच्या खाचांत गडद, उंचवट्यांवर फिके आणि टोकांशी जवळजवळ पांढरे असते. म्हणून परमँगनेट सुकल्यावर चोवीस तासांनी, तेलमिश्रित अक्रोड छटेचा लाकडाचा स्टेन आणि मिनरल स्पिरिट समभाग घेऊन बुडाच्या एक तृतीयांश भागात लावा आणि दोन मिनिटांत कोरड्या फडक्याने पुसून काढा. खाचांत राहील तेवढाच हवा. मग ०००० नंबरची स्टील वूल (अगदी बारीक पोलादी तारांचा बोळा) घेऊन उंचवटे हलके घासा आणि प्रत्येक टोकाचे शेवटचे तीन-चार सेंटिमीटर ४०० नंबरच्या सँडपेपरने गोरे करा. घासताना एन-९५ मास्क. हाडाची धूळ फुप्फुसाला वाईट आणि वासाला जळक्या केसांसारखी.

चहा-कॉफीचे काढेही लोक सुचवतात. ते चढतात, पण फिकट, आणि उजेडात लवकर उडतात. लहान खरचटे झाकायला ठीक.

खडू झालेले शिंग

इथे आधी घट्ट करणे, मग रंग. उलट केले तर रंग ओल्या भिंतीसारखा ढगाळ पसरतो आणि पुसताना भुकटीबरोबर निघून येतो.

हाडांच्या जतनासाठी संग्रहालयांत वापरतात ते ॲक्रिलिक राळेचे दाणे, पॅरालॉइड बी-७२, ॲसिटोनमध्ये विरघळवून लावायचे. पहिल्या हातांसाठी १०० मिलिलिटर ॲसिटोनला ५ ग्रॅम. दाणे तळाशी टाकले तर त्यांचा गोळा होतो, म्हणून जाळीच्या कापडात बांधून बरणीत लोंबते ठेवा, सकाळपर्यंत विरघळतात. शिंग आधी मऊ ब्रशने कोरडे झाडा, पाणी लावू नका. भेगा आणि बुडाच्या छिद्रांपासून सुरुवात करा. शिंग पिईल तेवढे पाजा, पृष्ठभागावर ओल उभी राहू लागली की थांबा. मग सैल पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवा. ॲसिटोन झपाट्याने उडाले तर ते राळ आतून ओढून पृष्ठभागावर आणते आणि वर चकचकीत पापुद्रा, आत तोच खडू अशी गत होते. एक दिवस थांबून दुसरा हात, लागला तर तिसरा. चकाकी आलीच तर ॲसिटोनने ओलसर केलेल्या फडक्याने एकदाच पुसा.

दमट हवेत हे काम करू नका. ॲसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतले पाणी त्यावर धरते आणि राळ दुधाळ पांढरी पडते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर नाहीच. आर्द्रता साठ टक्क्यांखाली असेल असा दिवस किंवा वातानुकूलित खोली, पण हवा खेळती हवी. शिवाय ही राळ साधारण ४० अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेले शिंग वर्तमानपत्राला चिकटले तर आश्चर्य नको.

फेव्हिकॉलसारखा पांढरा पाणीदार गोंद इथे वापरू नये. त्यातल्या पाण्याने झिजलेले हाड फुगते, गोंद वरच राहतो आणि नंतर काढता येत नाही.

नखाची तपासणी पुन्हा करा. भुकटी येत नसेल तर रंग. पण परमँगनेट नको: ते हाडातल्या सेंद्रिय भागावर काम करते, तो इथे उरलेलाच नसतो, आणि राळेने छिद्रेही बुजली आहेत. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग, बर्न्ट अंबर आणि रॉ अंबर या तपकिरी छटांचे, खूप पातळ करून स्पंजने थापा. खडू झालेल्या शिंगातून चाकूची मूठ किंवा बटणे करायचा बेत असेल तर तो सोडा. एल्कचा गाभा आधीच सांबरापेक्षा जास्त सच्छिद्र असतो. त्यासाठी निर्वात पात्रात राळ भरून घेतलेले तपकिरी किंवा कडक पांढरेच शिंग लागते.

भेगा, हिरवेपणा, कुरतडलेल्या खुणा

भेगा घरात वाढत असतील तर हवा कोरडी आहे. कोलोराडोतल्या डेन्व्हरच्या हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरात आर्द्रता वीस टक्क्यांखाली सहज जाते. शेकोटीवरची मांडणी ही शिंगासाठी सर्वांत वाईट जागा, आणि हौसेने सगळे तिथेच लावतात. ४० ते ५५ टक्के स्थिर आर्द्रता ठेवा. भेग भरायची घाई करू नका: कोरड्या दिवसांत भरलेली भेग दमट दिवसांत मिटू पाहते आणि भरण बाहेर ढकलते किंवा शेजारी नवी भेग पाडते.

कवटीसह शिंग उकळून साफ केलेले असेल आणि बुडाशी पांढरे वलय दिसत असेल तर ते उकळत्या पाण्याने आलेले. उष्णतेने कोलॅजनचे जिलेटिन होते. पुढच्या वेळी पाणी बुडाच्या खाली राखा, बूड प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम फॉइलने गुंडाळा, खळखळ उकळू देऊ नका. झालेले वलय वरच्या स्टेनने झाकते. कवटीवर क्लोरिन ब्लीच कधीच नको. ते कोलॅजन खाते आणि काम संपल्यावरही भुकटी पडत राहते.

हिरवे म्हणजे शेवाळ. आधी पूर्ण वाळवा, कोरड्या ब्रशने झाडा, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. अल्कोहोल थोडा तपकिरी रंगही उचलतो, म्हणून मागच्या बाजूला करून बघा. काळे ठिपके बुरशीचे असतील तर तीच कृती, पण त्या खोलीची आर्द्रता साठच्या खाली आणल्याशिवाय ते परत येणार.

कडांवर समांतर जोडखाचा दिसल्या तर खार, उंदीर किंवा साळिंदराने कॅल्शियम-फॉस्फरससाठी कुरतडले आहे. ते भरून येत नाही. खाचेत रंगाचा हात देऊन सोडून द्या.

बाहेर लावायचेच असेल तर

कोणताही लेप उन्हात कायम टिकत नाही. बी-७२ उन्हात मऊ पडते, इपॉक्सी पिवळी होऊन स्वतःच भुकटी सोडते. अतिनीलरोधक मॅट ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात आणि दर वर्षी वसंतात एक नवा, त्याआधी जुन्या लेपाला हलके ४०० नंबर. कापलेले बूड आणि खिळ्याची भोके आतून बुजवा, पाणी तिथूनच शिरते. लटकवताना बूड खाली करा म्हणजे त्यात पाणी साचत नाही. एवढे करूनही ते पांढरे होणारच, फक्त उशिरा.

उचलण्याआधी, नेण्याआधी

हिवाळ्यात उपाशी जनावरांना हुसकू नये म्हणून वायोमिंगच्या पश्चिम भागात आणि कोलोराडोत आंतरराज्य महामार्ग २५ च्या पश्चिमेला सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगे उचलायला बंदी असते. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्यांना आणखी आठवडाभर थांबावे लागते. नियम बदलत असतात, त्या वर्षीचे बघून निघा. यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानातून कधीच उचलता येत नाही. जॅक्सनच्या नॅशनल एल्क रेफ्यूज या अभयारण्यातली शिंगे स्काउट्स गोळा करतात आणि मे महिन्यात चौकात त्यांचा लिलाव होतो, तिथून घेतलेल्याची पावती मिळते. पावती जपा: चोरून उचललेले शिंग राज्याची हद्द ओलांडून नेले की वन्यजीवांच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या लेसी कायद्याखाली प्रकरण राज्याचे न राहता संघराज्य सरकारचे होते. कवटीला मांस किंवा मेंदूचा अंश चिकटलेला असेल तर हरणांच्या मेंदूला जडणाऱ्या, संसर्गाने पसरणाऱ्या प्रायॉन रोगामुळे अनेक राज्ये ती आत येऊ देत नाहीत. भारतात आणायचे असेल तर आयातीची परवानगी आधी तपासा, विमानतळावर समजावत बसू नका.

आणि ताडोबा, मेळघाट किंवा सह्याद्रीत सांबर-चितळाचे गळलेले शिंग दिसले तर यातला कुठलाच प्रयोग त्यावर करायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गळलेले असले तरी उचलणे आणि घरी ठेवणे गुन्हा आहे. वाड्यात आजोबांच्या काळापासून असलेल्या, मालकी प्रमाणपत्र असलेल्या शिंगाला मात्र हीच निगा चालते: आधी फडके, थेंब, नख, मग औषध. कोकणातल्या घरात त्यातही बुरशी आधी बघा.

परमँगनेट, स्टेन, राळ किंवा वार्निश लागलेले कुठलेही शिंग कुत्र्याला चघळायला देऊ नका. खडू झालेलेही नाही. त्याच्या धारदार कपच्या निघतात. ताजे तपकिरी शिंग उलट इतके कठीण असते की दाढ फुटते, म्हणून द्यायचेच तर लांबीत उभे चिरलेले, मऊ गाभा उघडा असलेले द्या, आणि चघळून तुकडा तोंडात मावेल इतका लहान झाला की काढून घ्या.